येळवस, उणे पंधरा अंशांवर

येळवसेला आमच्या लातुरात घरी थांबणारा माणूस शोधून सापडत नाही. पंचांगात ती वेळ अमावस्या असेल, आमच्या तोंडी येळवसच: वावरात जाऊन पूजा करायचा आणि तिथेच जेवायचा सण. लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत त्या दिवशी स्थानिक सुट्टी असते. लातूरच्या बाजारपेठेत, गंजगोलाईत, शुकशुकाट आणि वावरं माणसांनी फुललेली. ज्याला स्वतःचं शेत नाही त्याला चार दिवस आधीच दोन-तीन घरांचं आवतन आलेलं असतं. बदलून आलेला मास्तर असो, बँकेतला साहेब असो, कुणीतरी त्याला हाताला धरून आपल्या कडब्याच्या कोपीत नेऊन बसवतंच.

मी औसा तालुक्यातल्या खेड्यात वाढले. हुरडा, हरभऱ्याचे घाटे, बोरं, ऊस हे सगळं थंडीतलं आणि सगळं बाहेरचं. त्यामुळे हिवाळा म्हणजे घराबाहेर पडायचे दिवस, हे मला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. २०१५ च्या डिसेंबरात कॅनडातल्या मॉन्ट्रियलला आले आणि तेच नेमकं विसरले.

इथे जानेवारीची सरासरीच उणे दहाच्या आसपास. रात्री पारा उणे वीस-पंचवीसवर गेला तरी कुणाला नवल वाटत नाही. आपल्याकडे दहावर आला की गल्लोगल्ली शेकोट्या पेटतात. रोज फोनवर आईचं एकच, "लेकराला बाहेर काढू नको गं बाई, गारठा बाधंल." लेक तेव्हा तीन वर्षांची. आम्ही दोघी काचेला नाक लावून रस्ता बघत बसायचो. तीन आठवडे असेच काढले.

इथल्या जुन्या घरांना बाहेरून वळणावळणाचे लोखंडी जिने असतात. एका दुपारी तो बर्फाळ जिना चढून खालच्या मजल्यावरच्या आजी वर आल्या. हातात त्यांच्या नातवाचा लहानपणीचा बर्फातला सूट. "सहा वाजता तयार राहा," एवढंच म्हणाल्या. मेट्रोने त्यांनी आम्हाला प्लास दे फेस्टिव्हाल नावाच्या मोठ्या चौकात नेलं. तिथे २०१० पासून दर हिवाळ्यात 'लुमिनोथेरापी' भरतं. काळोखाच्या दिवसांत मुख्य चौकात उजेडाचा खेळ मांडायचा, असा त्याचा अर्थ. दुपारी सव्वाचारलाच सूर्य मावळतो म्हटल्यावर त्याची गरज का पडते ते कळतं.

त्या वर्षी चौकात ३० सीसॉ मांडले होते, आतून पांढरे उजळणारे. वर-खाली व्हायला लागले की उजेड कमी-जास्त व्हायचा आणि त्यातून सूर निघायचे. तिकीट नाही, पास नाही. लेक पळत जाऊन एका टोकावर बसली. आता एकटीने बसून तो हलायचा थोडाच! आजीबाई चहा आणायला गेल्या होत्या, मी बॅगा धरून उभी. तेवढ्यात ऑफिसातून घरी निघालेला एक उंच माणूस थांबला, गळ्यातली बॅग खाली ठेवली आणि समोरच्या टोकावर हलकेच बसला. सूर निघाला. लेक खिदळली. आम्हाला त्यांची भाषा येत नव्हती, त्यांना आमची नाही. पाच मिनिटं झुलून तो माणूस उठला, टोपीला हात लावला आणि मेट्रोच्या दिशेने निघून गेला. मला तिथे उभ्या उभ्या भरून आलं. शेत नसलेल्याला आवतन आलं होतं.

त्यानंतर आम्ही घरात बसलो नाही. जानेवारी-फेब्रुवारीच्या शनिवार-रविवारी सेंट लॉरेन्स नदीतल्या बेटावर 'फेत दे नेज' म्हणजे बर्फाचा सण असतो. नदीखालून जाणाऱ्या मेट्रोने एका स्टेशनात तिथे पोचता येतं. रबरी ट्यूबवर बसून उतारावरून घसरत येणं हा आमच्या लेकरांचा सगळ्यात आवडता कार्यक्रम. बंदराच्या धक्क्यावर 'इग्लूफेस्ट' भरतं, २००७ पासून. उघड्यावर, रात्री, उणे वीसमध्ये हजारो पोरं नाचत असतात. अंगात भडक रंगाचे जुने स्कीचे सूट. माझं नाचायचं वय नाही, पण वरच्या रस्त्यावरून तो गर्दीतून निघणाऱ्या श्वासांचा ढग मी पाहिलाय. फेब्रुवारी सरताना 'मॉन्ट्रियल आँ लुमियेर' येतं आणि त्यातली एक रात्र 'न्वी ब्लांश', म्हणजे जागरणाची. म्युझियमं उशिरापर्यंत उघडी, बायका-लेकरं पहाटेपर्यंत बिनघोर रस्त्यावर. आपल्याकडच्या जत्रेतल्या रात्रीसारखं वाटतं.

आणि खायचं! मेपल झाडाचा पातळ रस आटवून पाक करतात. ४० लिटर रस आटला की एक लिटर पाक. तो आणखी आटवून लाकडी कुंडीतल्या स्वच्छ बर्फावर ओळीने ओततात, क्षणात तो चिकट होतो, मग काडीला गुंडाळून खायचा. पहिला घास घेतला आणि मी थेट आबांच्या गुऱ्हाळावर पोचले. कढईतली गरम काकवी, त्यात बुडवलेलं उसाचं कांडकं, भाजलेली जीभ. इथल्या पाकाला धुराचा बारीक वास असतो, काकवीला मातीचा. लेकीला मी सांगितलं, ही इथली काकवी. ती अजून तेच नाव घेते.

एक गोष्ट मात्र त्या पहिल्या हिवाळ्यात मला सोसवली नाही. मोठा बर्फ पडला की इथे रात्री सायरन वाजतो, म्हणजे गाड्या रस्त्यावरून काढा. मग यंत्रं येतात, कडेचा बर्फ उपसून ट्रकमध्ये फेकतात आणि एकामागून एक ट्रक तो नेऊन टाकतात. फ्रांकाँ नावाची जुनी दगडखाण आहे, तिथे त्याचा डोंगर होतो, उन्हाळा आला तरी पुरता वितळत नाही. मी खिडकीतून ट्रक मोजायचे. त्याच वर्षी आमचं मांजरा धरण कोरडं पडलं होतं. जानेवारीत येळवस झाली ती करपलेल्या वावरात. आई म्हणाली, भज्जीला, म्हणजे येळवसेच्या दाण्यांच्या भाजीला, यंदा घरचा दाणा नाही, सगळं बाजारातून. एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली, पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. मी आबांना ट्रकांचं सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "फेकून देतेत? एवढं पाणी?" त्यावर माझ्यापाशी उत्तर नव्हतं. तेव्हापासून बर्फात खेळताना कधीतरी मूठभर हातात घेते आणि वितळेपर्यंत धरून ठेवते.

कपड्यांचं सांगायला हवं, कारण गावाकडून इकडे यायचा विचार करणाऱ्या पोरी हे हमखास विचारतात. एक जाड कोट घेऊन भागत नाही. अंगालगत थर्मल, त्यावर लोकर, त्यावर वारा अडवणारं कापड. सुती मोजे नकोत, घामाने ओले झाले की पाय गोठतात. कान झाकणारी लोकरीची टोपी, तिला इथे टूक म्हणतात, आणि बोटं एकत्र ठेवणारे हातमोजे. खरा वैरी वारा, आकडा नव्हे. आणि फोन आतल्या खिशात ठेवा, थंडीत बॅटरी पटकन बसते.

यंदा आम्ही इथे येळवस केली. अमावस्या आठवड्यात मधेच आली म्हणून रविवार धरला. पार्क एक्स्टेन्शन भागातल्या आपल्या दुकानांत बाजरीचं पीठ मिळतं, गोठवलेले तुरीचे आणि वालाचे दाणेही मिळतात. मेथी-पालक घालून आंबील-बेसनातली भज्जी केली, बाजरीचे उंडे केले, तिळाची पोळी केली. आंबील गोठू नये म्हणून थर्मासात भरली. आणि मों रोयाल टेकडीवर, बीव्हर लेकच्या काठाला एक झाड बघून बसलो. खालच्या आजींना मी स्वतः जिना उतरून आवतन देऊन आले होते. त्यांनी बसायला घोंगडी आणली.

येळवसेला वावरात पाच दगड पांडव म्हणून मांडून पुजतात. इथे दगड कुठून आणायचे? सगळं बर्फाखाली. धाकटा लेक म्हणाला, बर्फाचेच करू. पण उणे पंधराला बर्फ मिठासारखा मोकळा असतो, गोळा होतच नाही. त्याने फुलपात्रात बर्फ ठासला, थर्मासातलं थोडं कोमट पाणी शिंपडलं आणि उपडं मारलं. पाच वेळा. पाच पांढरे पांडव ओळीने उभे राहिले, अगदी गावाकडे चुना लावलेले असतात तसे. मी हळद-कुंकू वाहिलं. कुंकू बर्फात पसरलं नाही, जिथे टेकवलं तिथेच लाल राहिलं. दिवा वाऱ्यात टिकला नाही. आंबील चहूकडे शिंपडली. आजींनी उंडा मोडून भज्जीत बुडवला, दोनदा मागून घेतली आणि ह्यात कोणकोणत्या डाळी-भाज्या आहेत ते एकेक करून विचारलं.

व्हिडिओ कॉलवर आबांनी पांडव डोळे बारीक करून बघितले. म्हणाले, "सगळं केलाव की. कोपी कुठाय?" धाकट्याने विचारलं, कोपी म्हणजे काय? आबांनी फोन उचलला, वावरात गेले आणि कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून केलेली कोपी त्याला आत शिरून दाखवली. तो पोरगा लगेच म्हणाला, हे तर बर्फाचं करता येतं, शाळेत आम्ही केलंय. किती पेंढ्या लागतील आणि दार कुठल्या बाजूला ठेवायचं, यावर आजोबा-नातवाची तिथेच बोलणी सुरू झाली, आणि फोनची बॅटरी बसेपर्यंत चालली.