दहा मिनिटात गाडी रिकामी

ऑगस्ट लागला की इथे अमेरिकेत, टेक्सासमधल्या वेको गावात दोन गोष्टी होतात. एक म्हणजे ऊन असं काही तापतं की पार्किंगपासून लॅबपर्यंत पोचेस्तोवर माणूस पापडासारखा भाजून निघतो (३९-४० सेल्सिअस, पण इथली माणसं फॅरनहाइटमध्ये 'शंभरच्या वर गेलं' म्हणतात, पहिल्यांदा ऐकून मी दचकलेच होते), आणि दुसरी म्हणजे तीन महिने ओस पडलेलं कॅम्पस दोनतीन दिवसात गच्च भरतं.

मी इथे बेलर युनिव्हर्सिटीत पीएचडी करते, तिसरं वर्ष. डॅलस आणि ऑस्टिनच्या साधारण मध्ये, ब्राझोस नदीच्या काठी. ही जगातली सगळ्यात मोठी बाप्टिस्ट युनिव्हर्सिटी, १८४५ ची, म्हणजे टेक्सास हा स्वतंत्र देश होता तेव्हाची. अ‍ॅडमिशन झाल्यावर आत्याचा पहिला प्रश्न होता, "बाप्टिस्ट म्हंजे किरिस्तावच ना गं? बाटवतील तुला." मी तिला सांगितलं की हे लोक तर स्वतःच्या तान्ह्या बाळाला पण बाप्तिस्मा देत नाहीत, माणूस कळता झाला, त्याने स्वतः ठरवलं, की मग पाण्यात पूर्ण बुडी. आणि वर हेही सांगितलं की विल्यम केरी नावाचा एक बाप्टिस्ट मिशनरी, आधी इंग्लंडात चपला-बूट शिवायचा, तो बंगालात श्रीरामपूरला येऊन राहिला आणि वैद्यनाथ पंडितांना हाताशी धरून त्याने १८०५ साली आपल्या मराठीचं व्याकरण छापलं, १८१० ला शब्दकोश. आत्या सगळं शांतपणे ऐकून म्हणाली, "मग त्यानं किती बाटवले?" असो. आत्याशी वाद घालण्यात अर्थ नाही हे सातारा जिल्ह्यात सगळ्यांना माहितीये.

खरं सांगायचं तर आम्हा पीएचडीवाल्यांना धर्माचं फार काही लागत नाही. ग्रॅज्युएशनच्या पोरांना दोन सेमिस्टर चॅपलला (म्हणजे प्रार्थनासभेला) बसावं लागतं आणि धर्माचे कोर्स पण असतात. १९९६ पर्यंत कॅम्पसवर नाचायला बंदी होती, दीडशे वर्षं! आमच्या गणपतीच्या मिरवणुकीतली पोरं इथे आली असती तर पहिल्याच दिवशी घरी पाठवली असती.

तर उन्हाळा. मे महिन्यात पोरं जी पांगतात ती थेट ऑगस्टमध्ये उगवतात, मागे आम्ही, झाडांवरचे ग्रॅकल नावाचे काळे कर्कश पक्षी (संध्याकाळी त्यांच्या झाडाखालून जायचं नाही, अनुभवाचे बोल) आणि कॅम्पसवरची दोन अस्वलं, हो खरीखुरी अस्वलं, युनिव्हर्सिटीचं बोधचिन्ह म्हणून पाळलेली. पोरं परत आली की प्रत्येकाला एकच प्रश्न, उन्हाळ्यात काय केलंस, आणि आमच्या लॅबमधल्या अंडरग्रॅड पोरांकडून ती उत्तरं ऐकायला मला भारी आवडतं. एक जण सूट घालून डॅलसला इंटर्नशिप करून आला, त्याच्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं, बिचाऱ्याने अडीच महिने एक्सेल बघितलं. एक पोरगी चर्चबरोबर दोन आठवडे ग्वाटेमालाला जाऊन आली, दवाखान्याच्या कॅम्पमध्ये मदत करायला, तिकडे सगळ्यात आधी पोट तिचंच बिघडलं आणि ज्यांची सेवा करायला गेली त्या बायकांनीच तिला काढे करून पाजले. ती हे हसत हसत सांगते, म्हणते मी मदतीला गेले होते की मदत घ्यायला काही कळलंच नाही. दुसरी एक, लहान पोरींच्या समर कॅम्पवर ताई म्हणून होती, एका केबिनमध्ये दहा पोरी, फोन बंद, आणि रोज रात्री त्यातली कोणी ना कोणी आईच्या आठवणीने रडणार. "शेवटी सहाव्या रात्री मीच रडले," म्हणाली, "मग त्या दहाजणींनी मला गप्प केलं."

पण माझा लाडका म्हणजे लबकच्या बाजूचा एक पोरगा. पश्चिम टेक्सासमध्ये मैलोनमैल कापूस, आणि हा पूर्ण उन्हाळा बापाच्या शेतात, पहाटे उठून कापसातलं तण काढायचं, ट्रॅक्टर चालवायचा, पाणी द्यायचे ते चाकावर फिरणारे अवाढव्य पाइप बंद पडले की चिखलात उतरून दुरुस्त करायचे. मी म्हटलं आमच्याकडे याला खुरपणी म्हणतात आणि बहुतेक बायका करतात, तर तो म्हणे आमच्याकडे ज्याने आदल्या दिवशी बापाला उलट उत्तर दिलंय तो करतो. इथली वर्षाची ट्यूशन फी ५०,००० डॉलरच्या वर आहे, स्कॉलरशिप असली तरी उरलेलं कुठून तरी आणावंच लागतं. फोनवर पप्पांना हे सांगितलं तर ते एकदम खूष. पप्पा साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी कॉलेजचे, कर्मवीर अण्णांनी १९४७ साली काढलेलं, तिथे 'कमवा आणि शिका'मध्ये कॉलेजच्या बागेत खड्डे खणून शिकले. म्हणाले, "त्या पोराला सांग, रयतमध्ये बसला असता बरोब्बर."

आता मूव्ह-इनचं, म्हणजे नवी पोरं सामानासकट होस्टेलवर राहायला येतात त्या दिवसाचं. मी व्हॉलंटियर म्हणून नाव का दिलं, तर टी-शर्ट फुकट आणि सकाळी ब्रेकफास्ट टाको फुकट. उदात्त हेतू वगैरे काही नाही.

सीन असा असतो. प्रत्येक कुटुंबाला वेळ ठरवून दिलेली, त्या वेळेला गाडी होस्टेलसमोर लागते, सुबर्बन नाहीतर पिकअप, मागे ताडपत्री बांधलेली, आणि गाडीचं दार उघडायच्या आत आम्ही दहाबारा जण एकाच रंगाचे टी-शर्ट घालून ओरडत तिच्यावर तुटून पडतो. 'सिक एम बेअर्स' असं ओरडायचं आणि हाताचा पंजा अस्वलासारखा करायचा. सातारा स्टँडवर एसटी लागल्यावर खिडकीतून रुमाल टाकायला जशी पोरं धावतात तसं, फक्त इथे सामान आत न ढकलता बाहेर ओढायचं. छोटा फ्रिज, गादीवर टाकायची गादी, प्लास्टिकचे ड्रॉवर, पंखा, उशा तर किती, एका पोरीच्या अकरा मोजल्या मी. आरसा. परत एक आरसा. टोस्टर लपवून आणलेला (चालत नाही रूममध्ये, पण मी तो टॉवेलखाली तसाच वर नेला, माझ्या पण रूमवर एके काळी इंडक्शन होती). दहा मिनिटात गाडी रिकामी, सगळं तिसऱ्या मजल्यावर.

लोकांना हे फार आवडतं, सगळे कौतुक करतात. मला मात्र यात एक घोळ दिसला. आईबापांना काम उरत नाही. आठशे-हजार मैल गाडी चालवत आलेला बाप, त्याने मनात धरलेलं असतं की पोरीचं सामान आपण वर नेणार, घामाघूम होणार, कुरकुर करणार, आणि त्या गडबडीत निरोपाचं टळेल थोडा वेळ. आणि आम्ही वीस वर्षांची धटिंगणं येऊन त्याच्या हातातलं सगळं काढून घेतो. मग तो फुटपाथवर उभा राहतो आणि हात कुठे ठेवायचे त्याला कळत नाही.

मला हे ओळखता आलं कारण मी ते बघितलंय. मी निघाले तेव्हा घरी आठवडाभर दोन बॅगांचं वजन चाललं होतं, प्रत्येकी २३ किलो, कोपऱ्यावरच्या वाण्याचा काटा आणून. आई मेतकूट घालायची, पप्पा काढायचे, मग आई कंदी पेढे घालायची. मुंबईला विमानतळावर पप्पांनी ट्रॉली ढकलत काचेच्या दारापर्यंत आणली आणि तिथे जवान म्हणाला फक्त पॅसेंजर. पप्पांनी ट्रॉलीचा दांडा माझ्या हातात दिला आणि मग खिशात हात घातले. आमचे पप्पा कधी खिशात हात घालून उभे राहत नाहीत, त्यांना ते उद्धट वाटतं.

तर परवा मुलींच्या एका हॉलसमोर ओक्लाहोमाच्या नंबरप्लेटचा पिकअप आला, आम्ही तो सफाचट केला, आणि तो बाप तसाच उभा, हातात एक टूलबॉक्स, तो त्याने कोणाला घेऊ दिला नव्हता. मी पुढच्या गाडीकडे निघालेले, तर त्याने हळूच विचारलं, तो पलंग उंच करता येतो ना, खाली ड्रॉवर बसतील असा? रबरी हातोडी आणलीये मी. आता पलंग उंच करायचा तर इथे ऑफिसला सांगायचं असतं, त्यांचा माणूस येतो. पण मी म्हटलं, करा की, चला दाखवते.

चाळीस मिनिटं लागली त्याला. दहा मिनिटाचं काम. एक बाजू वर, मग दुसरी, मग पाण्याची बाटली आडवी ठेवून लेव्हल बघणार, परत एक खाच खाली, परत वर. पोरगी दारात उभी राहून मोबाइल बघतेय, मध्येच "डॅड, इनफ" म्हणतेय, आई एकच चादर तीनदा घडी घालतेय. मी बाहेर सटकले.

आमच्याकडे दर मंगळवारी तीन वाजता डॉक्टर पेपर नावाचं कोल्ड्रिंक आणि आइस्क्रीम फुकट असतं, १९५३ पासूनची पद्धत (डॉक्टर पेपर वेकोचंच, १८८५ साली इथल्या औषधाच्या दुकानात एका माणसाने पहिल्यांदा बनवलं, चव खोकल्याच्या औषधासारखी का लागते ते मला तेव्हा कळलं). या मंगळवारी त्या रांगेत ती पोरगी दिसली, तिने मला ओळखलं. विचारलं, रूम कशी आहे? म्हणाली छान आहे, फक्त पलंग फार उंच झालाय, खुर्चीवर चढून जावं लागतं, काल रात्री पडता पडता वाचले.

म्हटलं मग खाली करून घे, ऑफिसला सांग, माणूस येतो पाच मिनिटात.

"नको," म्हणाली, "राहू दे."