नाण्याचा बद्द आवाज

बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्र्यांना लाकडी पॅटर्न, म्हणजे ओतकामाचा साचा ज्यावरून घडवतात ते नमुने, बनवून देण्यात माझी तीस वर्षे गेली. सांबऱ्याच्या हवाई दल केंद्रातून निवृत्त झालेल्या आबांनी खानापूर रस्त्यावरच्या शेडमध्ये दोन आसनी विमानाचे धड बांधायला घेतले, तेव्हा त्यांनी मला मदतीला बोलावले. अमेरिकी विमान रचनाकार बर्ट रुटान यांच्या 1975 मध्ये उडालेल्या व्हॅरीईझ विमानाच्या पद्धतीने हे काम चालते. त्यात साचा नसतो, फोम कापून त्यालाच आकार द्यायचा आणि दोन्ही अंगांनी काचतंतूंचे कापड इपॉक्सीने, म्हणजे सुकल्यावर कडक होणाऱ्या राळेने, चिकटवायचे. साचाच नको, हे पॅटर्नवाल्याच्या पचनी पडायला वेळ लागतो.

आषाढातली गोष्ट आहे. धडाच्या बाजूच्या फळीवर, म्हणजे 10 मिलिमीटर जाडीच्या पीव्हीसी फोमवर, त्याची उघडी छिद्रे बुजावीत म्हणून काचेच्या पोकळ गोळ्यांची पूड इपॉक्सीत कालवून मी लेप दिला. कापड त्याच ओल्या लेपावर बसायला हवे होते, पण तेवढ्यात वीज गेली आणि आम्ही घरी परतलो. सकाळी लेप कडक झालेला होता. मी त्यावर हलका हात फिरवला, थोडे तेलकट लागले, ते फडक्याने पुसले आणि कापडाचे दोन थर पंचेचाळीस अंशांत चढवले. पृष्ठभाग आरशासारखा आला आणि मी खूश झालो.

दुसऱ्या दिवशी माझा भाचा नाणे घेऊन फळी ठोकत बसला. टण, टण, टण, आणि मग आवाज बदलला.

"मामा, हितं बद्द येतोय बघा."

मी पटाशी आत सारली आणि सबंध कातडी, म्हणजे कडक झालेले कापड, पोळीच्या पापुद्र्यासारखी उचलून आली. तिच्या आतल्या बाजूला फोमचा एक कणही नव्हता, आणि तेच वाईट होते, कारण जोड पक्का असता तर कातडीबरोबर फोमही फाटून आला असता. वाकताना ताण आणि दाब कातडी सोसते, फोम दोन्ही कातड्यांना एकमेकींवरून घसरू देत नाही. मधला जोडच सुटला तर हातात उरते ते नुसते कापड.

आबा रागावले नाहीत. कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत अशा आमच्या हवेत इपॉक्सीतला हार्डनर, म्हणजे तिला कडक करणारा घटक, हवेतले बाष्प आणि कार्बन डायऑक्साइड ओढून वर मेणासारखा थर आणतो, हे त्यांनी समजावले. तो थर फडक्याने नुसता पसरतो; तो पाण्याने धुवावा लागतो आणि नंतर पॉलिश पेपर मारावा लागतो. काम अर्धवट सोडायचेच असेल तर वर नायलॉनचे पील प्लाय कापड अंथरायचे असते, कारण ते ओढून काढले की खाली स्वच्छ, खरखरीत पृष्ठभाग मिळतो. माझ्यासमोरच्या खोक्यात ते पडून होते.

उरलेली कातडी सोलून आम्ही लेप धुतला, घासला, दोन दिवस दिव्याखाली वाळवला आणि पहाटे सुरू करून ताजा लेप व कापड एका दमात बसवले. या वेळी नाणे सगळीकडे टणटणले. फक्त कडेजवळ तळहाताएवढ्या जागी माझ्या कानाला शंका आली. तिथे मी पेन्सिलीने गोल काढला. आबांनी कान लावून एकदाच ठोकले आणि म्हणाले, "काढा तेवढंही."