मावशीसाठी शिवलेल्या वस्तू : दहा आठवड्यांची नोंद

शिवणाऱ्या मैत्रिणींनो, मागच्या वेळी गोधडीची नोंद अर्धवट सोडली होती. ती अजून तशीच आहे. मशीन मात्र रोज चाललं. माझ्या मावशीचं पुण्यात ऑपरेशन झालं. डावा स्तन काढला, काखेतल्या गाठीही काढल्या. पाचव्या दिवशी ती साताऱ्याला आमच्या घरी आली. तेव्हापासून मी तिच्यासाठीच शिवते आहे. काय जमलं, काय उसवलं, ते सगळं लिहिते, कारण असं शिवायची वेळ तुमच्यापैकीही कुणावर येईल आणि तेव्हा कापड फुकट जायला नको.

ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात

काखेतली उशी आधी घेतली. पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराची ही उशी तुम्ही पाहिली असेल. बदामाचे दोन गोल भाग काखेच्या पुढेमागे बसतात, मधली खाच काखेत जाते आणि हात अंगापासून थोडा सुटा राहतो. हाताच्या आतली बाजू टाक्यांना घासत नाही. अमेरिकेत चॅटनूगाच्या अर्लँगर रुग्णालयातल्या जॅनेट क्रेमर-माय या नर्सने या उशा रुग्णांना द्यायला सुरुवात केली. २००६ मध्ये नॅन्सी फ्रीस-येन्सन या डॅनिश नर्सने ती कल्पना डेन्मार्कला नेली आणि तिथून ती देशोदेशीच्या शिवणाऱ्या बायकांच्या हातात गेली.

पहिली उशी सावरीच्या कापसाची केली, कारण घरात होता. दोन दिवस स्वतःच्या काखेत धरून झोपले. कापूस एका बाजूला गोळा झाला, वर धुवायची सोय नाही. रद्द. दुसरीत पॉलिस्टर फायबर भरलं, पण गोधडीवालीचा हात, दाबून दाबून भरलं. उशी दगडासारखी झाली आणि हात कोपरापर्यंत बाहेर ढकलला जाऊ लागला. तिसऱ्या वेळी स्वयंपाकघरातला वजनकाटा काढला. १४ इंच रुंदीच्या बदामाला १७० ग्रॅम फायबर, एक ग्रॅम जास्त नाही. हाताने दाबली की बोटं एकमेकांना जवळजवळ लागतात, सोडली की उशी फुलते. हेच प्रमाण धरा.

कापड आईच्या जुन्या सुती नऊवारीचं घेतलं. शंभर वेळा धुतलेल्या लुगड्याचा मऊपणा नव्या कापडाला येत नाही. मात्र विरलेला भाग टाळा, उजेडासमोर धरून बघा. मधल्या खाचेत टीप दोनदा मारा, कारण सगळा ताण तिथेच येतो, आणि वळणावर कात्रीने बारीक चिरा द्या, नाहीतर उलटल्यावर चुण्या पडतात. फायबर भरायचं तोंड सरळ कडेवर ठेवा, खाचेत नको. तिथला हातटाका काखेला टोचतो.

पाचवा दिवस, पुण्याहून घरी

गाडीत डावीकडच्या सीटला पट्टा डाव्या खांद्यावरून येतो, म्हणजे नेमका जखमेवरून. म्हणून मावशीला मागे उजवीकडे बसवलं. तरी पट्टा छातीवरून तिरका जाणारच. त्यासाठी १० इंच लांब, ४ इंच रुंद अशी पातळ उशी केली होती, मागे दोन आडव्या पट्ट्या, त्यांतून सीटबेल्ट ओवायचा. खंबाटकी घाटाच्या वळणांवर मी सारखी तिच्याकडे बघत होते. तिने एक हात त्या उशीवर ठेवला होता, काखेत बदाम. खोकला आला तेव्हा बदाम काढून छातीशी धरला आणि खोकली. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

सहावा ते सतरावा दिवस : पिशवीने दमवलं

काखेत आणि छातीत साचणारा द्राव बाहेर यावा म्हणून नळ्या घालतात, हे माहीत होतं. परदेशी नमुन्यात नळीच्या टोकाला हातबॉम्बसारखा छोटा रबरी फुगा असतो. त्या मापाने मी साडेचार इंचाच्या दोन सुबक पिशव्या शिवून ठेवल्या होत्या, वर भरतकामाची दोन फुलंसुद्धा. मावशी घरी आली ती हार्मोनियमच्या भात्यासारखा घड्या पडणारा रुंद डबा घेऊन. आपल्याकडे हाच डबा सर्रास लावतात. माझ्या पिशवीत तो अर्धासुद्धा जाईना.

त्या रात्री पिठाच्या चाळणीची कापडी पिशवी होती ती लावून काम भागवलं आणि सकाळी डब्याचंच माप घेतलं. नवी पिशवी ७ बाय ८ इंच, तळाला दीड इंचाची पट्टी जोडून उभट केली, म्हणजे डबा आडवा पडत नाही. वरचं तोंड पूर्ण उघडं, नळी वरून सरळ बाहेर. बाजूने काज करून नळी काढायच्या मोहात पडू नका. तिथे नळी दुमडते आणि दुमडली की द्राव अडतो.

दुसरी चूक अडकवण्याची. गळ्यात नाडी घातली तर डबा भरेल तशी मान दुखायची. मावशी म्हणाली, "अगं, परकराची नाडी आहे की कमरेला. तिलाच लाव ना." पिशवीच्या मागे दोन रुंद पट्ट्या शिवल्या, त्यांतून परकराची नाडी ओवली. वजन कमरेवर आलं, डबाही जखमेच्या खाली राहिला, आणि तसाच तो राहायला हवा. उठताना नळीला हिसका बसू नये म्हणून गाऊनला आतून टेपचा छोटा फास शिवला, त्यात नळीचा सैल वळसा अडकवायचा. इतकासा फास, पण मावशीला रात्री कुशीवरून उठायचा धीर त्यानेच आला.

अंग पुसायच्या वेळेसाठी तिसरी पिशवी मच्छरदाणीच्या कापडाची. ओली झाली तरी पंख्याखाली तासाभरात सुकते.

पिशवीच्या पुढच्या बाजूला एक चपटा खिसा दिला, त्यात छोटी वही आणि पेन्सिल. रोज सकाळी आणि रात्री डबा रिकामा करून किती मिलिलिटर आलं ते लिहायचं होतं. पहिल्या दिवशी १४० होतं, रंग लालभडक. पुढे गुलाबी, मग गवती पिवळा. सलग दोन दिवस ३० च्या खाली आल्यावर डॉक्टरांनी सतराव्या दिवशी नळ्या काढल्या. हा आकडा प्रत्येक डॉक्टरांचा थोडा वेगळा असतो, तुमचे डॉक्टर सांगतील तोच धरा. पण वही पिशवीतच हवी. दुसऱ्या खोलीत ठेवलेल्या वहीत रात्री अकराला कुणी लिहायला जात नाही.

घालायचं काय : इथे झबलं कामाला आलं

हात खांद्याच्या वर न्यायचा नव्हता, म्हणून डोक्यावरून घालायचं काहीच चालत नव्हतं. आपल्या ब्लाउजला पुढे हुक असतात, पण बाही जोडतात तो मुंढा घट्ट असतो आणि हुक नेमके छातीवर. पहिले चार दिवस काकांचा जुना सदरा घातला. मग मी पुढून उघडणारा गाऊन शिवला आणि त्यावर तीन प्रयोग केले.

वेलक्रो ड्रेसिंगच्या पट्टीला चिकटून ओढायचं. टिचबटण लावायला छातीवर दाब द्यावा लागतो, तोच तर द्यायचा नाही. साधी बटणं चालली, पण डावा हात वर येत नसल्याने एका हाताने पाच काजं लावता लावता मावशीला घाम फुटायचा.

दुपारी कपाटातून माझ्या मुलीचं बारशाचं झबलं निघालं. एकावर एक येणारे दोन पदर, बाजूला बांधायचे बंद. बाराबंदीचीही रीत तीच. मावशीचं छातीचं माप घेऊन त्यात ८ इंच सैल धरले, मुंढा नेहमीपेक्षा अडीच इंच खोल, बाही कोपरापर्यंत आणि रुंद, काखेत चौकोनी तुकडा. वरचा पदर डावीकडून उजवीकडे नेला आणि बंद उजव्या कमरेवर घेतले, म्हणजे गाठ चांगल्या बाजूला. डाव्या हाताला बंद धरायला फक्त कोपरापासून खाली हलावं लागतं, खांदा जागचा हलत नाही. बंद दोनच. कापड पांढरं मलमल, आतून जखमेच्या बाजूला एकही शिवण येऊ दिली नाही. खांद्याची टीप एक इंच पुढे सरकवली आणि उलटी बाजू पट्टीने झाकली.

मावशीने घातलं, स्वतःच गाठ मारली आणि बराच वेळ आरशापुढे उभी राहिली. म्हणाली, "आज मला कुणी कपडे घातले नाहीत." मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. अशी चार झबली शिवली, चारही वापरात आहेत.

पाचवा-सहावा आठवडा

हाताचे व्यायाम सुरू झाले. भिंतीवर बोटं चढवायची, रोज थोडी वर. मी २ इंच रुंद सुती पट्टीवर इंचाइंचाला रंगीत टाका घालून भिंतीला टांगली. मावशी रोज जिथवर बोट पोहोचेल तिथे टाचणी लावते. कालची टाचणी आणि आजची टाचणी यांत कधी अर्धा इंच, कधी काहीच नाही.

डाव्या हातातल्या बांगड्यांचा प्रश्न अवघड गेला. काखेतल्या गाठी काढल्या की त्या हाताला सूज येण्याची शक्यता राहते, म्हणून तिथे घट्ट काही नको असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. तिला तो हात ओका बघवेना. हिरव्या रेशमी दोऱ्याचं सैल कडं क्रोशाने विणून दिलं. मनगटावर दोन बोटं सहज आत जातील इतकं सैल. रात्री काढून ठेवते.

सध्या टोपलीत काय आहे

विणलेला स्तन. बार्बरा डेमोरेस्ट यांनी २०११ मध्ये अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या बेलिंगहॅममधून 'निटेड नॉकर्स' हे काम सुरू केलं. हलके, मऊ, सुती दोऱ्याचे विणलेले स्तन बायकांना फुकट द्यायचे. भारतातही बायका ते विणतात. जखम पूर्ण भरल्यावर आणि डॉक्टर हो म्हणाले की मगच घालायचे. मावशीला गेल्या आठवड्यात होकार मिळाला.

लोकर घेऊ नका, आपल्या हवेत टोचते. मी बारीक सुती दोरा आणि क्रोशाची सुई घेतली. पहिल्या फेरीला ६ मुके खांब (सिंगल क्रोशे), दर फेरीत ६ वाढवत गेले आणि आठव्या फेरीला ताटली झाली. वाटी व्हायला मधेमधे न वाढवता साध्या फेऱ्या घालाव्या लागतात. आता दोन फेऱ्या वाढीच्या, एक साधी, असं करून खोलगट येतंय. मागची चकती सपाट, तिला मधोमध बारीक छिद्र ठेवलं आहे, त्यातून फायबर कमीजास्त करता येईल. वजन फारच हलकं असल्याने ब्रा त्या बाजूला वर सरकते. म्हणून ब्राला आतून मलमलचा खिसा शिवते आहे आणि उजव्या बाजूशी जुळवून बघणार आहे. तीन वेळा उसवलं आहे, चौथ्यांदा बरं दिसतंय.

परवा मावशीच्या ओळखीतल्या एक बाई कऱ्हाडहून बोलल्या. त्यांचं ऑपरेशन पुढच्या सोमवारी आहे, उजव्या बाजूचं. म्हणजे झबल्याचे पदर उलटे आणि बंद डाव्या कमरेवर. छातीचं आणि दंडाचं माप लिहून घेतलं आहे. डबा कोणता लावतील ते विचारलंय, शेजारी शिवणाची पट्टी ठेवून फोटो पाठवायला सांगितलाय. मलमल साडेतीन मीटर आणून धुवून वाळत घातलं आहे.