दगडी पुलाच्या पोटात साठलेलं पाणी

बंद पडलेल्या रेल्वेलाइनवर आता सायकलचा रस्ता झालाय, त्यावरचे जुने पूल तपासायचं काम माझ्याकडे आहे. गाडी आत न्यायला परवानगी नाही म्हणून हातोडी, ओलंबा (भिंत सरळ उभी आहे का बघायची वजन बांधलेली दोरी), टेप, टॉर्च सगळं कॅरियरला बांधून मीही सायकलनेच जाते, आणि खरं सांगते, कामातला हा भाग मला सगळ्यात जास्त आवडतो. लोखंडी चाक लोखंडी रुळावर घसरतं, त्यामुळे रेल्वेला मोठा चढ चालतच नाही, शंभर मीटरला एखादा मीटर चढला तरी वजनदार गाडी ओढताना इंजिनाचा दम निघायचा, म्हणून त्या काळच्या लोकांनी टेकडी आली की खोदली, खोलगट जागा आली की त्याच मातीचा भराव टाकला आणि ओढा आला की पूल बांधला. त्यांनी हे इंजिनासाठी केलं पण आज सहा वर्षांचं पोरगं आणि सत्तरीतली आजी त्याच सपाट रस्त्यावरून न धापता जातात.

तर त्या दिवशी, रात्रभर पाऊस पडून सकाळी उघडीप झालेली. एका सायकलवाल्याचा फोन आला की तिसऱ्या पुलावर पाणी साचलंय. तसं पाहिलं तर किरकोळ तक्रार. पण दगडी पुलावर पाणी तुंबलं म्हटलं की मला राहवत नाही, कारण कमानीच्या वर नुसती माती आणि दगडगोटे भरलेले असतात, दोन बाजूंच्या भिंती ते धरून ठेवतात आणि आत मुरलेलं पाणी बाहेर जायला भिंतीत छोटी भोकं ठेवलेली असतात. गवंडीकाकांना सोबत घेतलं आणि निघालो.

पुलाखाली उतरलो तर कमान एकदम ठणठणीत होती, हातोडीने वाजवली, सगळीकडे भरीव आवाज. मग बाजूच्या भिंतीला ओलंबा लावला आणि पोटात गोळाच आला. मधोमध भिंत चार सेंटीमीटर बाहेर फुगलेली! मागच्या तपासणीला जेमतेम एक होती. आणि वर कठड्याला नेमक्या त्याच जागी लोक सायकली टेकवून फोटो काढतात.

काका भिंतीवरून हात फिरवत म्हणाले, "ताई, हे बघा, भोकंच नाहीत." खरंच नव्हती. काही वर्षांपूर्वीच्या दुरुस्तीत दगडांमधल्या दर्जा, म्हणजे सांधे, सिमेंटने भरल्या होत्या आणि त्यातच भोकंही लिंपून टाकलेली. त्या जागी आधी चुना होता. चुना मऊ असतो, ओल बाहेर सोडतो, पूल थोडा हलला तर तोही सोबत हलतो. सिमेंट तसं नाही, ते पाणी आत कोंडतं आणि त्याच्यापायी शेवटी दगडाचाच टवका उडतो. मला मनापासून राग आला, एवढा जुना पूल, इतकी वर्षं गाड्या पेलल्या त्याने, आणि त्याचं दुखणं दुरुस्तीतून आलेलं.

मी पूल बंद केला. दोन्ही टोकांना फळ्या आडव्या लावल्या. तासाभरात एक कुटुंब आलं, वडिलांच्या सायकलला मागे छोटीची गाडी जोडलेली. ते म्हणाले, "मॅडम, इथून अख्खं इंजिन जायचं, आमच्या सायकलींनी काय होणार?" प्रश्न अगदी बरोबर होता म्हणून मी त्यांना खाली नेऊन दाखवलं. वजन आलं की कमानीचे दगड एकमेकांवर दाबले जातात, दगडाला ते सोसतं, त्यामुळे सायकलींच्या वजनाची भीती नाहीच, पण आत कोंडलेलं पाणी आणि भिजलेली माती भिंतीला आडवं ढकलतात आणि तो रेटा सोसायला भिंतीकडे फक्त स्वतःचं वजन असतं. त्यांनी वर जाऊन मुलांना आधी कठड्यापासून लांब केलं.

दुपारी काकांनी बाजूला उभं राहून लांब पहारीने अगदी खालचं एक भोक हळूहळू मोकळं केलं. आधी थेंब थेंब, मग गढूळ धार, ती चाळीस मिनिटं थांबली नाही. मी बादलीत धरलं, थोड्या वेळाने तळाशी दोन बोटं बारीक माती बसली. म्हणजे पूल आतून पोकळ व्हायला लागला होता! संध्याकाळपर्यंत आम्ही पाच भोकं उघडली, भिंतीवर खुणा करून मापं लिहून ठेवली, आणि बंदचा बोर्ड तसाच ठेवून परत निघालो. काका वाटेत एकच म्हणाले, "वरून पाणी अडवल्याशिवाय भिंतीला हात लावू नका."

तसंच केलं. आधी वरचा थर काढून खाली पाणी न मुरणारा पडदा टाकला, मग सिमेंट खरवडून चुन्याने दर्जा भरल्या. पुढचे सहा आठवडे मी दर सोमवारी ओलंबा लावत होते, माप चारच राहिलं. सातव्या सोमवारी फळ्या काढल्या, पण फुगवट्याच्या बाजूला रेलिंग लावून रस्ता मीटरभर आत घेतलाय. तिथे सायकल टेकवू नका प्लीज, पुढच्या पुलाला भरपूर जागा आहे.