प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेनंतरचे कामजीवन: माझा अनुभव

पीएसएची (प्रोस्टेटमधून रक्तात येणाऱ्या प्रथिनाची) तपासणी, एमआरआय आणि बायोप्सी या क्रमाने माझा प्रोस्टेटचा, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालील ग्रंथीचा, कर्करोग निश्चित झाला, तेव्हा मी एकसष्ट वर्षांचा होतो आणि पुण्यातील बँकेच्या नोकरीतून नुकताच निवृत्त झालो होतो. गाठ ग्रंथीच्या आतच असल्याने रोबोटच्या साहाय्याने संपूर्ण ग्रंथी काढण्याचे ठरले. त्या चर्चेत रक्तस्राव, लघवीवरील नियंत्रण, विम्याची पूर्वमंजुरी असे सर्व काही निघाले. फक्त एक विषय डॉक्टरांनी काढला नाही आणि मीही काढला नसता. तो सौ.ने शेजारच्या खुर्चीवरून सरळ काढला: "आणि डॉक्टर, आमच्या दोघांचे काय?" मग डॉक्टरांनी कागद पुढे ओढून आकृती काढली. आजवर मला मिळालेली सर्वांत उपयुक्त वैद्यकीय माहिती त्या कागदावर होती.

लिंगाला ताठरतेचा संदेश नेणारे मज्जातंतू प्रोस्टेटच्या दोन्ही बाजूंना अगदी चिकटून जातात. ते नेमके कुठून जातात हे पूर्वी नीट ठाऊक नसल्याने ग्रंथीबरोबर तेही कापले जात आणि बहुतेक रुग्णांची ताठरता कायमची जाई. 1982 मध्ये अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात शल्यचिकित्सक पॅट्रिक वॉल्श यांनी ते जपून शस्त्रक्रिया केली आणि तेथून चित्र बदलले. माझ्या बाबतीत डावीकडचे मज्जातंतू पूर्ण जपता आले. उजवीकडे गाठ कडेला आलेली असल्याने काही भाग काढावा लागला. आधी कर्करोग पूर्ण निघावा, मग बाकीचे, हा क्रम आम्हा दोघांनाही मान्य होता.

मज्जातंतू वाचले म्हणजे काम लगेच सुरू होते असे मात्र नाही. शस्त्रक्रियेत ते ओढले जातात, त्यांना धग लागते आणि ते दीर्घकाळ बधिर राहतात. सावरायला अठरा ते चोवीस महिने, काहींना त्याहूनही अधिक काळ लागू शकतो. मधल्या काळात झोपेत आपोआप येणारी ताठरताही थांबल्याने तेथील पेशींना पुरेसे रक्त मिळत नाही, त्या आक्रसतात आणि लांबीही थोडी कमी होऊ शकते. म्हणून डॉक्टर गोळ्या, पंप, इंजेक्शन असे उपचार लवकर सुरू करतात. अशा उपचारांनी नैसर्गिक ताठरता हमखास परत येते असे संशोधनातून सिद्ध झालेले नाही, हेही त्यांनी स्पष्ट सांगितले, आणि त्यामुळे माझा त्यांच्यावरील विश्वास वाढला.

कॅथेटर (लघवीची नळी) निघाल्यावरचे पहिले महिने पॅड आणि ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम यांतच गेले, त्याविषयी लिहिण्यासारखे फारसे नाही. पहिला सुखद धक्का वेगळाच होता. ताठरता अजिबात नसतानाही कामपूर्तीचा अनुभव येऊ शकतो, कारण त्या संवेदनेचे मज्जातंतू निराळे असतात आणि त्यांना शस्त्रक्रियेत सहसा इजा होत नाही. वीर्य मात्र येत नाही, कारण प्रोस्टेटबरोबर वीर्यकोशही काढलेले असतात. कधी कधी त्या क्षणी थोडी लघवी गळते; आधी मूत्राशय रिकामे करणे आणि खाली टॉवेल अंथरणे एवढ्याने आमचे भागले.

ताठरतेसाठीच्या गोळ्यांपैकी सिल्डेनाफिल जेवणापूर्वी घ्यावी लागते, तेलकट-तुपकट जेवणानंतर ती उशिरा आणि कमी लागू पडते. टाडालाफिलला ती अडचण नाही आणि तिचा परिणाम सुमारे दीड दिवस टिकतो. हृदयविकारासाठी सॉर्बिट्रेटसारखी नायट्रेटची औषधे घेणाऱ्यांनी या दोन्ही गोळ्या घेऊ नयेत, कारण रक्तदाब धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकतो. सुरुवातीला मला एकाही गोळीचा उपयोग झाला नाही. त्याचे कारण समजल्यावर मनावरचे ओझे हलके झाले: गोळी मज्जातंतूंकडून आलेला संदेश वाढवते, पण येथे मुळात संदेशच येत नव्हता. ही माहिती नसलेले किती पुरुष दोन गोळ्यांनंतर आपले सारे संपले असे समजून बसत असतील, कोण जाणे.

व्हॅक्युम पंप निर्वात पोकळी करून रक्त ओढून घेतो आणि मग मुळाशी रबरी कडे चढवावे लागते, जे अर्ध्या तासाच्या आत काढायचे असते. ताठरता येते, पण अंग थंडगार आणि निळसर दिसते, शिवाय मुळापाशी ते लटपटते. सौ.ला पंपाचा आवाज ऐकून हसू आवरेना आणि मग मलाही आवरेना. व्यायाम म्हणून पंप मी चालू ठेवला, संबंधांसाठी मात्र आम्ही त्याला रजा दिली.

खरा फरक इंजेक्शनने पडला. पापाव्हरिन, फेंटोलामिन आणि अल्प्रोस्टॅडिल यांचे मिश्रण इन्सुलिनच्या बारीक सुईने लिंगाच्या बाजूच्या भागात टोचायचे, कधी डावीकडे तर कधी उजवीकडे. हे औषध थेट रक्तवाहिन्यांवर काम करते, मज्जातंतूंवर अवलंबून राहत नाही. पहिला डोस डॉक्टरांच्या समोरच घेतला. ऐकताना अंगावर काटा आला होता, प्रत्यक्षात सुई टोचणे डास चावण्याइतकेही दुखले नाही. ताठरता चार तासांहून अधिक टिकली तर रात्र असो वा पहाट, थेट रुग्णालय गाठायचे, ही सूचना सौ.ने माझ्यापेक्षा नीट पाठ केली. औषध फ्रिजमध्ये ठेवावे लागे, सुया पाहून मुलाने "बाबा, तुम्हाला डायबेटीस कधीपासून?" असे विचारले आणि आम्ही दोघांनीही त्याचा तो समज तसाच राहू दिला.

दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर पहाटे किंचित हालचाल जाणवू लागली आणि त्यानंतर गोळीचाही परिणाम दिसू लागला. आज बहुतेक वेळा गोळीवर निभते, कधी इंजेक्शन लागते, आणि पूर्वीसारखा ताठपणा काही येत नाही. ताठरतेसाठी लिंगात शस्त्रक्रियेने बसवायच्या कृत्रिम साधनाविषयी, म्हणजे इम्प्लांटविषयीही आम्ही माहिती घेतली आहे. तो बसवल्यावर आतील मूळ पेशींना इजा झाल्याने नैसर्गिक ताठरतेचा मार्ग जवळजवळ बंद होतो, म्हणून मज्जातंतूंना आणखी काही महिने द्यावेत असे आमचे मत पडले. पीएसए अजून 0.1 च्या खाली आहे, म्हणजे कर्करोग परतल्याची खूण नाही. पुढच्या तपासणीच्या वेळी गोळीचा डोस आणि इम्प्लांट हे दोन्ही विषय काढायचे असे सौ.ने फाईलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले आहे.