बल्ब दोनदा बदलला, घोळ निघाला अर्थिंगचा

लोट्याहून सेकंड शिफ्ट करून घरी येत होतो, परशुराम घाटात धो धो पाऊस आणि मागून एक ट्रकवाला सारखा डिपर मारत होता. मला वाटलं साइड मागतोय. घाट उतरल्यावर बाजूला येऊन खिडकीतून ओरडला, "भाऊ मागं लाइट नाय तुझ्या, दिसलाच नाहीस मला!" पाय लटपटले खरं सांगायचं तर. गाडी माझी २०१५ ची, १२५ सीसी, २०१७ नंतरच्या गाड्यांसारखा हेडलाइट कायम चालू राहत नाही, स्विच आहे, त्यामुळे दिवसा टेल लाइट बघायची वेळच येत नाही, किती दिवस तसाच फिरत होतो देव जाणे.

दुसऱ्या दिवशी काच खोलली, बल्ब काळा पडलेला आणि बारीक फिलामेंट तुटलेली. यात दोन फिलामेंट असतात, १२ व्होल्ट २१/५ वॅट, पाचची टेलला आणि एकवीसची ब्रेकला. बल्बच्या दोन पिना वरखाली असतात म्हणून तो एकाच बाजूने बसतो, जोर करून उलटा बसवायला जाऊ नका, होल्डर मोडतो (माझा नाही मोडला, मित्राचा मोडलाय). नवीन टाकला, लागला, विषय संपला असं वाटलं.

चार दिवसांनी नवीनच तमाशा. टेल लागतोय पण ब्रेक दाबला की उजळायच्या ऐवजी मरतोय, आणि इंडिकेटर दिला की टेल पण त्याच्या तालावर लुकलुकतोय. गॅरेजवाल्याकडे नेली. त्याने बघितलं न बघितलं आणि म्हणाला बल्ब डुप्लिकेट आहे, दुसरा टाकला, तेच. मग म्हणाला मागच्या ब्रेकचा स्विच गेलाय, तो बदलला, तरी तेच. मी विचारलं अहो स्विच गेला असता तर ब्रेक दाबल्यावर काहीच झालं नसतं ना, इथं तर टेल मंद होतोय. तर म्हणे आता अख्खं वायरिंग बदलावं लागेल, गाडी ठेवून जा दोन दिवस. मी म्हणलं राहू दे, आणि गाडी घेऊन आलो.

रविवारी स्वतःच बसलो. मल्टिमीटर होता घरात, हौसेनं घेतलेला. बल्ब काढला, चावी ऑन, पुढच्या ब्रेकचा लिव्हर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळून दाबून ठेवला (एकट्यानं काम करताना हा जुगाड बेस्ट) आणि होल्डरमध्ये मोजलं तर १२.४ व्होल्ट! म्हणजे सप्लाय पण आहे आणि अर्थ (करंट बॅटरीच्या मायनसला परत नेणारी वाट) पण आहे. डोकंच चालेना. अर्धा तास नुसता बघत बसलो.

तेवढ्यात शेजारचे अण्णा आले, वायरमन म्हणून रिटायर झालेत. "अण्णा, तुम्हीच बघा, बारा व्होल्ट येतायत आणि दिवा लागत नाही." ते हसले. "अरे मीटरला करंट लागतो किती? नळ बंद असला की कचरा अडकलेल्या पाइपात पण प्रेशर असतोच. नळ सोडल्यावर कळतं. बल्ब लाव आणि मग मोज."

मग बल्ब परत बसवला, ट्यूबची पट्टी तशीच, आणि सीटखाली टेलचा कनेक्टर आहे त्याच्या मागून प्रोब घातला. ब्रेकच्या वायरला बॅटरीच्या मायनसपासून मोजलं तर जवळजवळ पूर्ण बारा. आणि हिरवी वायर, जी माझ्या गाडीत अर्थ आहे, ती बॅटरीच्या मायनसपासून मोजली तर आठच्या वर! तिथं जवळपास शून्य यायला पाहिजे. म्हणजे बारापैकी आठ व्होल्ट अर्थच खात होता, बल्बला उरतायत चार. एकवीस वॅटच्या फिलामेंटला पावणेदोन अँपिअर लागतात, ते त्या सडक्या जोडातून जाणार कुठून, आणि टेल, ब्रेक, मागचे इंडिकेटर सगळ्यांचा अर्थ तोच एक, म्हणून एक लावला की दुसरा मरायचा. खात्री करायला एक सुटी वायर घेऊन बॅटरीच्या मायनसवरून थेट त्या हिरव्या वायरला टेकवली. मागची भिंत लालभडक झाली!

आता जोड शोधायचा. हिरवी वायर धरून धरून गेलो तर मागच्या मडगार्डच्या वर, चासीला एका बोल्टखाली थिंबल (वायरच्या टोकाला असते ती धातूची रिंग), आणि त्यावर हिरवट भुकटी आणि खाली वाळलेला चिखल. तो चिखल बघून लक्षात आलं. २२ जुलै २०२१ चा पूर. चिपळूणमध्ये ज्यांच्या गाड्या त्या दिवशी बुडाल्या त्यांना सांगायला नको, माझी हँडलपर्यंत पाण्यात होती. तेव्हा इंजिन खोललं, कार्बोरेटर धुतला, ऑइल तीनदा बदललं, पण या बोल्टकडे कोण बघतंय. तिथं तेव्हापासून गंज खात बसला होता.

थिंबल हातातच तुटली. वायर सोलत गेलो तर चांगली चार बोटं आतपर्यंत तांबं काळं, त्याला सोल्डरच धरेना, म्हणून काळी वायर सगळी कापून नवीन तुकडा जोडला, वर स्लीव्ह, नवीन थिंबल. चासीचा रंग आणि गंज पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासला, हे महत्त्वाचं, रंगावर थिंबल कितीही घट्ट आवळा, उपयोग शून्य. बोल्ट आवळून वर व्हॅसलीन थापलं. परत मोजलं तर अर्थवर पॉइंट एकच्या आसपास.

एक राहिलं होतं, पायाचा ब्रेक निम्मा दाबला तरी लाइट लागत नव्हता. गॅरेजवाल्यानं नवीन स्विच बसवला पण सेटच केला नव्हता. स्विच हातानं धरून फक्त त्याचा नट फिरवायचा, स्विचच फिरवला तर वायरी पिळतात. पहिल्यांदा जास्तच वर घेतला तर खड्ड्यात गाडी आदळली की आपोआप लाइट लागायला लागला, मग थोडा खाली केला.

आवरताना गॅरेजवाल्यानं "डुप्लिकेट" म्हणून काढलेला बल्ब खिशात सापडला. बॅटरीवर लावून बघितला, दोन्ही फिलामेंट एकदम मस्त. आता तो टूलकिटमध्ये स्पेअर म्हणून टाकलाय, कापडात गुंडाळून.