वाचनालयातले दगड-मातीचे उद्योग : खांब जमले, आता भूकंप

श्रावणापासून रखडलेलं काम मार्गी लागलं. वाचनालयाच्या बालविभागातल्या शनिवारच्या गटाने लाव्हा निवताना पडतात तसे खांब कॉर्नफ्लोअरमध्ये पाडले, आणि ते बघण्यासारखे झालेत. ज्यांना आपल्या गावात करायचंय त्यांच्यासाठी कृती देतो.

कॉर्नफ्लोअर आणि पाणी, दोन्ही सारख्या वजनाचं. काचेच्या ग्लासात दोनेक इंचांचा थर. त्यात डेटॉलचे चार थेंब टाकाच, पावसाळी हवेत नाहीतर आधी बुरशी येते. वर वीतभर अंतरावर ६० वॉटचा जुना पिवळा बल्ब. एलईडी चालत नाही, त्याची ऊब पुरत नाही. (असा बल्ब मागितला की दुकानदार आधी आपल्याकडे निरखून बघतो.) ग्रंथपालबाईंची अट होती की कुलूप लावताना बल्ब बंद. जुन्या पुस्तकांच्या इमारतीत ती रास्तच आहे. सुकायला जास्त दिवस लागतात इतकंच.

सुरुवातीला वरून चार-दोन मोठ्या भेगा दिसतात आणि पोरं हिरमुसतात. तेवढ्यावर गोळा फोडू देऊ नका. खालपर्यंत खडखडीत सुकला की मग हाताने फोडायचा. आतून काडेपेटीतल्या काड्यांसारखे बारीक, पाच-सहा कोनांचे उभे खांब सुटे होतात. वरचा भाग आधी सुकून आकसतो, तडकतो, आणि सुकणं जसं खाली सरकतं तशी भेगही खाली उतरते. लाव्हारसात हेच काम निवण्यामुळे होतं. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचे सुमारे ६० मीटर उंचीचे काळे खांब असेच उभे राहिले, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी. सावकाश निवलेल्या भागात खांब जाड होतात, म्हणून आम्ही दुसऱ्या ग्लासावरचा बल्ब बराच उंच टांगला. त्यातले खांब नुसत्या डोळ्यांनाही जाड दिसतात. एका मुलीने पट्टी लावून दोन्हींची मापं भिंतीवरच्या तक्त्यावर लिहिली. मला सगळ्यात आवडलं ते हे.

व्हिनेगर-सोड्याचा ज्वालामुखी मात्र मी कायमचा बंद केलाय. दख्खनचा लाव्हा बराचसा लांबलचक भेगांमधून आला आणि थरावर थर पसरत गेला. घाटात दिसणाऱ्या पायऱ्यापायऱ्यांचे कडे म्हणजे तेच थर. मुलांना फेसाळणारा शंकू दाखवला की पुढे प्रत्येक टोकदार डोंगर त्यांना ज्वालामुखी वाटतो. उरलेलं व्हिनेगर खाणीतल्या दगडांवर वापरतो. काळ्या दगडाच्या पोकळीतला पांढरा खडा खिळ्याने खरवडून भुकटीवर थेंब टाकायचा. बुडबुडे आले तर कॅल्साइट, म्हणजे चुन्याचं खनिज. झिओलाइट (अशाच पोकळ्यांत सापडणारं दुसरं खनिज) आणि गारगोटी ढिम्म राहतात. न खरवडता टाकलं तर कॅल्साइटही फारसं काही करत नाही, व्हिनेगर सौम्य पडतं.

मातीचा प्रयोग सोपा, पसारा मोठा. काळ्या मातीची ओली पट्टी १० सेंटीमीटरची केली, ती सुकून दीड सेंटीमीटर आखडली. मुरमाची जवळपास होती तेवढीच राहिली. काळ्या रानातल्या घरांच्या भिंती का तडकतात, हे मग सांगावं लागलं नाही.

आता भूकंप. पॉलिश पेपरवर वीट, विटेला रबर, रबर हळूहळू ओढायचं. वीट बराच वेळ हलत नाही आणि मग एकदम सरकते. रबर किती ताणल्यावर सरकली ते दर वेळी लिहायचं. आकडे एकसारखे येत नाहीत, आणि पुढचा धक्का कधी ते का सांगता येत नाही याची चर्चा तिथूनच सुरू करता येते. याला जोड म्हणून वाचनालयातल्या वर्तमानपत्रांच्या जुन्या बांधीव फायली काढतोय. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा, म्हणजे १२ तारखेचे अंक बघायचे. किल्लारीसाठी १ ऑक्टोबर १९९३ पासून पुढचे. कागद ठिसूळ झालाय, त्यामुळे पानं बाईच उलटणार आणि मुलं गावांची नावं टिपून नकाशावर टाचण्या लावणार. पॉलिश पेपर किती नंबरचा घ्यावा, यावर कुणाचा अनुभव असेल तर सांगा. ८० नंबरवर वीट फारच अडते.